तांबूला दिलेली मुदत

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी देवघरासमोर उभं राहून महांतेशनं वडलांना मुदत दिली. त्याच्या खांद्यावर चार महिन्यांची लेक होती, नुकती झोपलेली आणि लगेच दचकून उठलेली. अंगणात तांबू भुंकत होता. धारूरच्या रस्त्यानं कुणी सायकलवर गेलं असेल, नाहीतर भाजीचा हातगाडा गेला असेल. तांबूला तेवढं पुरे व्हायचं.

"पौर्णिमेपर्यंत काय करायचं ते करा आप्पा," महांतेश म्हणाला. "त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत मी मधी पडणार न्हाई. पर त्याच्यानंतर मी माझ्या पद्धतीनं करीन. मग तुमी मधी पडायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

वैजिनाथआप्पांनी मुलाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा महांतेशवर विश्वास होता. बापलेकात कुरबुरी होत्या, पण शब्द देऊन फिरवण्याची रीत त्या घरात नव्हती. चाळीस वर्षं आप्पांनी तेलगावच्या चौकात किराणा दुकान चालवलं ते शब्दावरच. गेल्या चैत्रात गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी दुकानाच्या किल्ल्या महांतेशच्या हातात दिल्या. महांतेशनं दोन महिन्यांत दुकानाचं रूप पालटलं. गुळगुळीत फरशी आली, बिलाचं मशीन आलं, पुढं काचेचं दार आलं.

काचेचं दार आलं आणि तांबू गेला. सात वर्षांपूर्वी कुणीतरी साखरेच्या पोत्यांच्या आडोशाला ते तांबूस पिल्लू सोडून गेलं होतं. तेव्हापासून दुकानाची पायरी हीच त्याची जागा. गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत जायचं, जाताना एखादं बिस्कीट टाकायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी शेकडो माणसं त्याच्या अंगावरून गेली तरी तो डोळा उघडून बघत नसे. महांतेशनं त्याला घरी आणलं आणि अंगणातल्या लिंबाला साखळीनं बांधलं. तिथून फाटकाच्या गजांतून त्याला रस्ता दिसायचा, पण रस्त्यापर्यंत जाता यायचं नाही. आठवडाभरात तो भुंकायला लागला. मग पोर जन्मली, आणि भुंकणं घरात सगळ्यांनाच सुईसारखं टोचायला लागलं.

सून स्वप्नाली तक्रार करणारी नव्हती. पण दुपारी पोरीला तासभर थोपटून निजवावं, पाठ टेकावी, आणि तेवढ्यात बाहेर भो भो सुरू व्हावं, असं दिवसातून चारदा झालं की माणसाचं काय होतं ते तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं. महांतेशनं मोबाईलवर कुठंतरी बघितलं होतं. "घशात बारकंसं ऑपरेशन असतंय. आवाजाचा पडदा कापतात. कुत्रं खातंय, पितंय, हिंडतंय. निस्ता आवाज येत न्हाई." आप्पांना हे पटणारं नव्हतं. म्हणून त्यांनी मुदत मागून घेतली.

दुसऱ्याच दिवशी ते तांबूला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं नव्यानं आलेल्या प्रियदर्शनी मॅडम गाभण म्हशी तपासून हात धूत होत्या. आप्पांनी ऑपरेशनचं विचारलं. मॅडमनी नळ बंद केला.

"मी ते करत नाही काका. आणि दुसऱ्या कुणाला करू पण देऊ नका. शेजाऱ्यापाजाऱ्याची झोप मोडते म्हणून जनावराचा घसा कापायला मी शिकलेली नाही." मग त्या तांबूसमोर उकिडव्या बसल्या. "हा दिवसभर काय करतो?"

"बांधलेला असतोय."

"आधी काय करायचा?"

आप्पांनी दुकानाची पायरी सांगितली. बाजार सांगितला, गिऱ्हाईक सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या आणि मग हसल्या.

"मग तो कावला आहे हो. तुम्ही दुकानातून रिटायर झालात, तसा तोही झाला. तुम्हाला निदान पेपर तरी वाचता येतो."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास फिरवून आणायचं, जिथं थांबेल तिथं वास घेऊ द्यायचा. साखळी काढायची. फाटकाला खालून पत्रा लावायचा, म्हणजे रस्ता दिसणार नाही. भुंकला तर ओरडायचं नाही, कारण आपण ओरडलो की त्याला वाटतं हेपण आपल्याबरोबर भुंकायला लागले. दोनदा भुंकू द्यायचं, मग जवळ जाऊन हळू आवाजात एकच शब्द म्हणायचा आणि नाकाशी आवडीचा घास धरायचा. वास घ्यायला तो गप्प होतो. गप्प झाला की घास द्यायचा. आधी दोन सेकंद गप्प, मग पाच, मग दहा. "आणि शब्द कायम एकच ठेवा. तो शब्द ऐकला की आपलं भलंच होतं, असं त्याला वाटलं पाहिजे. त्या शब्दानं त्याला एकदाही फसवायचं नाही."

शब्द ठरला 'बास'.

घासाची तजवीज गंगासागरबाईंनी केली. आप्पांच्या बायकोला कुत्र्याचं फार कौतुक होतं असं नाही, पण नवरा दुकानातून उठल्यापासून खांबाला टेकून बसून राहतो, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी भाकरीचे बारीक तुकडे तुपात कडक परतले आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. डबा खुळखुळला की तांबू अंगणाच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायचा. पुढची सगळी शिकवणी दोघांनी मिळून केली. रोज चारच्या सुमाराला गंगासागरबाई मागच्या दारानं बाहेर पडायच्या, वळसा घालून फाटकाशी यायच्या आणि कडी वाजवायच्या. तांबू उसळायचा. आप्पा म्हणायचे, "बास." पुन्हा कडी, पुन्हा बास. कधी त्या डोक्यावर पाटी घेऊन यायच्या, कधी आप्पांचं धोतर डोक्याला गुंडाळून, म्हणजे कुत्र्याला परका माणूस वाटावा. एकदा त्यांना त्या अवतारात समोरच्या धोंडीरामनं बघितलं. तो पूर्वी एसटीत कंडक्टर होता, आता रिक्षा चालवायचा. त्यानं "तिकीट कुठलं देऊ?" म्हणून हाक मारली, तेव्हा त्या फाटकाला धरून एवढ्या हसल्या की आतून आप्पाही हसायला लागले. दोघं मिळून असे हसल्याला किती वर्षं झाली होती, ते दोघांनाही आठवलं नसतं.

दिवाळी उलटली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून दोन-दोन ट्रॉल्या ओढत जायला लागले. हीच मोठी परीक्षा होती. आप्पांनी ट्रॅक्टरचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला. आधी अगदी बारीक लावायचा आणि घास द्यायचा, मग थोडा मोठा. दिवसातून किती वेळा भुंकला याची मोजदाद ते न्हाणीघराच्या भिंतीवर कोळशानं करायचे. पहिल्या दिवशी रेघा ओढता ओढता भिंतच पुरली नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला एकवीस झाल्या. त्यानंतरच्या सोमवारी अकरा. आणि त्या अकरांतली प्रत्येक वेळ दोन भुंकण्यांवर थांबली होती. त्या दिवशी पोर सलग अडीच तास झोपली. स्वप्नाली उठून बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती.

"आप्पा, आज कुत्रं घरी न्हवतं का?" तिनं विचारलं.

आप्पांनी तांबूकडं बोट दाखवलं. तो पायऱ्यांवर पाय ताणून पडला होता.

पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. गावातली मंडळी दरसालप्रमाणे कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला पायी निघणार होती. आप्पांचा पाय निघेना. चार दिवस शिकवणीत खंड पडला तर काय घ्या.

"अवो, जाऊन या," गंगासागरबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी भरायला घेतलीसुद्धा. "एक साल चुकविलं न्हाई तुमी. मी हाय की हितं. डबा माझ्यापाशी हाय, शब्द मला ठाऊक हाय. कडी वाजवायला धोंडीरामला सांगते."

"रेघा वढशील?"

"वढते की."

आप्पांनी तांबूच्या कानामागं खाजवलं, लिंगपूजेची डबी पिशवीत घातली आणि निघाले. गुडघ्यांनी साथ दिली. कपिलधारच्या धबधब्याखाली अंघोळ झाली, समाधीचं दर्शन झालं. दर्शनाच्या रांगेत त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कुत्र्याला गप्प राहायला कसं शिकवावं, ते सगळं सांगितलं. तो माणूस परळीचा होता. त्यानं तो एकच शब्द लिहूनही घेतला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. आप्पांनी मुद्दाम कडी वाजवली. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवली. काहीच नाही. फाटक उघडून आत गेले तर तांबू जिन्याखाली बसलेला. त्यानं मान वर केली, शेपटी जमिनीवर दोनदा आपटली, पण तो उठला नाही.

"रुसला हाय," गंगासागरबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "चार दिवस गेलता न्हवं सोडून."

"भुंकला न्हाई की गं! दोनदा कडी वाजविली."

"न्हाई भुंकत आता." त्या आत वळल्या. "शिकला."

महांतेश जेवायला आला होता. त्यानंही ताटातून मान वर न करता सांगितलं, "जिंकला आप्पा तुमी. दोन दिवसापासून एक आवाज न्हाई."

आप्पांचा आनंद गगनात मावेना. प्रवासाचा शीण गेला. ते न्हाणीघरात गेले, रेघा बघितल्या. त्यांच्या जाण्याच्या दिवसाच्या नऊ होत्या. पुढं भिंत कोरी होती. कोरी म्हणजे शून्य, असं त्यांनी मनाशी म्हटलं. संध्याकाळी चौकात गेले तेव्हा त्यांनी प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, झालं काम! एकदाबी भुंकत न्हाई!" तिकडून मॅडम म्हणाल्या, "एकदाही नाही? काका, एवढं एकदम होत नाही. उद्या घेऊन या त्याला, बघते." आप्पांना वाटलं, मॅडम लहान आहेत, त्यांना आपल्या जनावराची हुशारी काय माहीत.

सकाळी सातला कारखान्याकडं जाणारा पहिला ट्रॅक्टर आला. आप्पा अंगणात दात घासत होते. तांबू जिन्याखालून उठला, चार पावलं पुढं आला, पुढचे पाय रोवले आणि त्यानं तोंड उघडलं. छाती हलली, पोट आत गेलं, मान वर गेली. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा एक खरबरीत फुस्कारा बाहेर पडला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा फुस्कारा, आणि मागोमाग खोकला. खोकता खोकता तो मागं सरकला आणि जिन्याखाली जाऊन बसला.

आप्पांच्या हातातली मिश्री सांडली. ते आत गेले, फडताळातला पत्र्याचा डबा काढला आणि जिन्यापाशी येऊन बसले.

"तांबू," त्यांनी हाक मारली आणि डबा खुळखुळवला.

तांबू जमिनीला चिकटला. कान मागं पाडून तो भिंतीत शिरायला बघत होता. त्याच्या अंगाखालून ओल पसरत आली.

"बास रं, बास. म्या हाय," आप्पा कळवळून म्हणाले. तो शब्द ऐकताच तांबूचं सगळं अंग लटलट कापायला लागलं.

तिथंच बसल्या बसल्या आप्पांना सगळं उमजत गेलं. तांबू महांतेशला कधी हात लावू देत नसे. साखळीनं बांधल्यापासून तो त्याच्यावर गुरगुरायचा. महांतेश एकटा त्याला गाडीत घालू शकला नसता. त्याला कुणीतरी डबा वाजवून बोलावलं होतं. त्याच शब्दानं त्याला गप्प धरलं होतं. आणि या घरात तो डबा कुठं असतो, तो शब्द कसा म्हणायचा, हे त्यांच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं.

गंगासागरबाई ओट्याशी पीठ मळत होत्या. आप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात डबा होता. बाईंनी डबा बघितला आणि त्यांचे हात परातीतच थांबले.

"तू गेलतीस संगं?"

त्या पुन्हा पीठ मळायला लागल्या.

"मी काय विचारतोय? गाडीत तू घातलंस त्याला?"

"तो दुसऱ्या कुणाचं ऐकना," त्या खाली बघत म्हणाल्या.

"आन् तिथं? टेबलावर?"

"मीच धरलं होतं. त्याला सुई देस्तोवर." त्यांनी परात पुढं सारली. "मला काय दुसरं सुचलं न्हाई, लई धडपडायला लागला तो. मी आपली बास बास म्हणत हुते."

मागून महांतेश आला. "आप्पा, आईला का बोलताय? मी सांगितलं तिला. तो ऑपरेशनवाला माणूस शहरातनं माजलगावला एकाच दिवसासाठी आलता. पुन्हा महिनाभर येणार न्हवता. दोन-तीन दिवसाचा तर फरक."

"तू शब्द दिलतास."

"पौर्णिमेनंतर करणारच होतो की. मग आधी काय आन् नंतर काय? आन् त्याचं गेलं काय? आवाजच गेला न्हवं? खातंय, पितंय."

"रेघा बघितल्या का तू भिंतीवरच्या?"

"कसल्या रेघा?"

आप्पांनी बायकोकडं पाहिलं. तिला रेघा माहीत होत्या. अकरा, मग दहा, मग नऊ. तिनंच त्यांच्याबरोबर मोजल्या होत्या.

"तुला तर ठाऊक हुतं," ते म्हणाले. "जमत आलतं. तरीबी?"

गंगासागरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हात पिठाचे होते, ते गालाला लागलं. "ह्यो रोज येऊन सांगायचा, आई तू बोलावलंस तर कुत्रं येईल, आप्पा असताना जमणार न्हाई. पंधरा दिवस पाठीमागं लागलता. लेकाचं ऐकावं का नवऱ्याचं, मला कळना झालतं. मला वाटलं, तुमाला कळणारबी न्हाई. तुमी म्हणाल, शिकला."

"पंधरा दिवस," आप्पा म्हणाले. फाटकाला धरून ती हसत होती, डोक्याला त्यांचं धोतर गुंडाळून पाटी घेऊन येत होती, तेव्हाही हे चालू होतं. आणि यात्रेची पिशवी तिनं भरली होती.

स्वप्नाली पोरीला घेऊन माजघराच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "मी नको म्हणलं होतं आप्पा. पोर झोपायला लागली होती. मी यांना सांगितलं होतं, आता गरज न्हाई म्हणून."

"मग मला फोन कावून न्हाई केलास?"

ती पोरीला थोपटत राहिली.

आप्पांनी तांबूला चादरीत गुंडाळून धोंडीरामच्या रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. मॅडमनी बॅटरी लावून तोंड तपासलं. मग त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं.

"अर्धवट कापलंय, आणि आत जखम चिघळली आहे. पाणी पिताना ठसका लागेल. मऊ भात, दूध, असंच द्या काही दिवस. आवाज परत यायचा नाही काका." त्या सिरिंज ठेवून त्यांच्याकडं वळल्या. "तुमचा मुलगा माझ्याकडं आला होता. दिवाळीच्या आधी. मी नाही म्हणून सांगितलं आणि मला वाटलं विषय संपला. तेव्हाच मी तुम्हाला कळवायला हवं होतं."

दिवाळीच्या आधी. महांतेश रोज घरात यायचा, ताटावर बसायचा, "काय म्हणतोय तुमचा विद्यार्थी?" म्हणून विचारायचा. आप्पा त्याला आजच्या रेघांचा आकडा कौतुकानं सांगायचे.

"ज्यानं कापलं तो डॉक्टर तरी होता का?" मॅडमनी विचारलं. "तक्रार द्यायची असेल तर मी वर पाठवते. पण नाव लागेल. आणि कसं झालं, कुणी नेलं, ते तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

महांतेशनं नाव सांगितलं नाही. "आप्पा, सोडा ना आता. पोलीस-कोर्ट व्हायचं, गावात माझं दुकान हाय," एवढंच तो म्हणत राहिला. दोन दिवसांनी सकाळी आप्पा फाटकाबाहेर पडत होते, तेव्हा स्वप्नाली मागून आली आणि तिनं चुपचाप त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. तीवर नाव होतं आणि मोबाईल नंबर. तो माणूस कुणा डॉक्टरच्या हाताखाली काम केलेला होता, स्वतः डॉक्टर नव्हता.

दवाखान्यातल्या टेबलावर बसून आप्पांनी तक्रार लिहिली. चाळीस वर्षं त्यांचं अक्षर सुबक म्हणून गावात नावाजलेलं. त्यांनी तारीख लिहिली, त्या माणसाचं नाव लिहिलं. जनावर घेऊन गेलेल्याचं नाव, तिथं त्यांनी लिहिलं: माझा मुलगा महांतेश. पेन थांबलं. त्यांना परात आठवली, पिठाचा गाल आठवला. मग त्यांनी पुढं लिहिलं: व माझी पत्नी गंगासागर.

मॅडमनी कागद वाचला. "काकूंचं नाव घालायलाच पाहिजे असं नाही. कारवाई त्या माणसावर होणार."

"झालं तसं लिहिलं," आप्पा म्हणाले आणि सही केली.

त्याच दिवशी त्यांनी आपलं अंथरूण आणि तांबूची चादर चौकामागच्या जुन्या गोदामात हलवली. दुकान नवं झाल्यापासून ते रिकामंच होतं. किल्ली आप्पांच्याच करगोट्याला होती. गावानं दोन दिवस चर्चा केली. कुणी म्हणालं, म्हातारा कुत्र्यापायी घर सोडून बसलाय. धोंडीरामनं मात्र एक जुनी खाट आणून टाकली आणि काही विचारलं नाही.

मॅडम दर दोन दिवसांनी यायच्या. तांबूला आता गप्प राहायला शिकवायचं नव्हतं. त्याला पुन्हा माणसाच्या हाताजवळ यायला शिकवायचं होतं. डबा आप्पांनी भंगारात दिला. 'बास' हा शब्द त्यांनी तोंडातून काढून टाकला, इतका की हॉटेलात चहावाल्यानं साखर घालताना विचारलं तरी ते हातानं थांब म्हणायचे. ते दारात मांडी घालून बसायचे, मऊ भाताचा गोळा उघड्या तळव्यावर ठेवायचे आणि दुसरीकडं बघायचे. पहिल्या दिवशी तांबू रिकाम्या पोत्यांच्या थप्पीआडून हलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं लांबून मान ताणून वास घेतला. बाराव्या दिवशी त्याची ओली जीभ तळव्याला लागली आणि आप्पा श्वास रोखून बसून राहिले. बाजाराच्या दिवशी ते त्याला हळूहळू चौकापर्यंत घेऊन जायला लागले. जुनी गिऱ्हाइकं थांबायची, तांबू शेपटी हलवायचा. कुणी बिस्कीट टाकलं तर आप्पा ते पाण्यात भिजवून त्याला द्यायचे.

तक्रारीचं मॅडमनी सांगितलं. त्या माणसाचा धंदा बंद झाला होता आणि चौकशी सुरू होती. महांतेशला एकदा जबाबाला बोलावलं. तिथून येताना तो गोदामापाशी थांबला, गाडीवरून उतरला नाही. "समाधान झालं का?" त्यानं विचारलं. आप्पा तांबूच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. महांतेशनं गाडी सुरू केली आणि तो गेला. संध्याकाळी स्वप्नाली पोरीला घेऊन आली. पोरीनं तांबूचा कान मुठीत धरून ओढला, तांबूनं ओढू दिला. आप्पांनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्याशी पुष्कळ बोलले. घरच्यांविषयी काही विचारलं नाही.

गंगासागरबाई रोज अकराला जेवणाचा डबा घेऊन यायच्या. पहिले काही दिवस त्या उंबऱ्यावरच डबा ठेवून जायच्या. त्यांची चाहूल लागली की आप्पा आतल्या बाजूला काहीतरी काम काढायचे. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्या आल्या, तेव्हा तांबू दारात उन्हाला पडला होता. त्यांना बघून तो उठला. ऑपरेशननंतरचे दोन-तीन दिवस त्यांनीच त्याला चमच्यानं दूध पाजलं होतं, जिन्याखाली त्याच्या शेजारी बसून राहिल्या होत्या. तेवढंच त्याच्या ध्यानात राहिलं असावं. तो शेपटी हलवत त्यांच्या अंगावर गेला, लुगड्यात तोंड खुपसलं, मग मान वर करून तोंड उघडलं. बाहेर आला तो फुस्कारा.

गंगासागरबाई तिथंच धुळीत बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि हुंदका दाबता दाबता म्हणाल्या, "बघा, यानं मनातनं काढून टाकलं. हे मुकं जनावर. आन् तुमी?"

आप्पा आतून बघत होते. त्यांना वाटलं, पुढं व्हावं, तिला हाताला धरून उठवावं. पस्तीस वर्षांची सवय होती ती, हात आपोआप पुढं आला असता. पण तेवढ्यात त्यांना टेबल दिसलं. त्यांनी कधी न पाहिलेलं टेबल, त्यावर धडपडणारा तांबू, आणि वाकून त्याच्या कानाशी त्यांचा शब्द म्हणणारी ही.

"त्याला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून," आप्पा म्हणाले. "मला ठाऊक हाय."

"मग म्या काय करू? सांगा तरी."

"मलाबी कळत न्हाई." ते खरं बोलत होते. आवाजात राग नव्हता, तो केव्हाच थकून गेला होता. "तू रोज डबा आण. मी खातो. त्याच्यापुढचं मला आज काय सांगता येत न्हाई."

"घरी कवा येणार?"

आप्पांनी डबा उचलून आत नेला. गंगासागरबाई थोडा वेळ तांबूला कुरवाळत बसून राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि चौकाकडं चालायला लागल्या. तांबू त्यांच्यामागं पिंपळाच्या पारापर्यंत गेला, तिथं थांबला आणि परत आला.

आप्पांनी डबा उघडला. वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकरी होती, आणि तांबूसाठी वेगळ्या वाटीत मऊ दहीभात. त्यांनी वाटी तांबूपुढं ठेवली, तो संपवेपर्यंत शेजारी बसले आणि मग स्वतः जेवले. जेवून डबा नळावर घासला, कोरडा केला आणि तिला उद्या न्यायला सापडेल असा उंबऱ्यावर पालथा घातला.